पहिल्या प्रोग्रामची साक्ष

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी भाऊच्या धक्क्याची लाँच रेवसला लागली आणि रुचिका कारखानीस उतरली. शेवटच्या लाँचने ती परत जाणार होती, वेणूबाईंची सही घेऊन. सहीशिवाय परतायचं नाही, हे तिचं तिनेच ठरवलं होतं.

रुचिका दर्यावर्त सिस्टिम्सचा इतिहास लिहीत होती. सत्तावीस देश, नऊ हजार माणसं. कोणतं जहाज बंदरात कुठे लागेल, कोणतं विमान कुठे उभं राहील, हे दर्यावर्तचं सॉफ्टवेअर ठरवायचं. पुढच्या महिन्यात कंपनी शेअर बाजारात उतरणार होती. त्याआधी एक कागद हवा होता. पहिला प्रोग्राम संस्थापक हितेशने स्वतःच्या कल्पनेतून लिहिला, असं त्या वेळी हजर असलेल्या कुणीतरी लिहून द्यायचं होतं. नाहीतर उद्या कुणीही हक्क सांगेल, असं वकील म्हणत होते. त्या वेळच्या माणसांपैकी हितेशची आत्या वेणूबाई तेवढी उरली होती.

कोळीवाड्यात वेणूबाई चार-पाच बायकांबरोबर सुके बोंबील निवडत बसल्या होत्या. वय शहात्तर, पाठ ताठ.

"बस गो. हितेशनं धाडलं?"

"कंपनीने. सर सिंगापूरला आहेत."

"दहा वरसं तो तिथंच हाय," शेजारची कमळ म्हणाली. "बोंबलाचा वास विसरला असंल."

बायका हसल्या. एक तरुण मुलगी मांडीवर वही घेऊन बसली होती.

"ही जागृती," वेणूबाई म्हणाल्या. "मच्छीमार सोसायटीचं लिव्हते. तिचं चालू दे, तू बोल."

रुचिकाने येण्याचं कारण सांगितलं. वेणूबाईंनी मान हलवली.

"मला आता काय आठवत न्हाय."

याची तयारी रुचिकाने केली होती. म्हाताऱ्या माणसांना आठवण द्यावी लागते. ती पहिल्यापासून सांगू लागली.

"एकोणीसशे नव्याण्णव. सोसायटीत कॉम्प्युटर आला. सर तेव्हा कॉलेजात होते."

"आला असंल."

"समुद्रात डोली, म्हणजे खांबांना बांधायची मोठी जाळी, लावायच्या जागांवरून भांडणं व्हायची. आठवतं?"

"भांडणं आठवतात," कमळ म्हणाली. "हिनं माझ्या सासऱ्याला वल्हं मारलेलं."

"त्यानं आधी माझी जाळी तोडली," वेणूबाई म्हणाल्या. "मंग?"

"चांगली जागा एकाच घराकडे राहू नये, म्हणून दरवर्षी जागा फिरायच्या. कुणाची होडी मोडली तर त्याची जागा कुणाला, पुढच्या वर्षी त्याला काय द्यायचं, हे सगळे नियम तुम्ही बसवले होते. वहीत लिहिले होते."

"ती वही पुरात गेली. दोन हजार पाचला. सोसायटीची खोलीच गेली, कॉम्प्युटर पण गेला. काय उरलं न्हाय."

"वही गेली नाही, आत्या." रुचिकाला हे सांगताना आनंद झाला. "सरांनी ती आधीच नेली होती. पुण्याच्या ऑफिसात कपाटात आहे."

बोंबील निवडणारे हात थांबले.

"फोटू हाय?"

रुचिकाने फोन पुढे धरला. पेन्सिलीने लिहिलेलं पान, बावीस होड्यांची नावं, खाली सोसायटीचा गोल शिक्का. वेणूबाई बराच वेळ पाहत राहिल्या.

"माझाच हात. जागृतीच्या फोनवर टाक गो. नातवंडांना दावीन."

रुचिकाने लगेच फोटो पाठवला. आठवण परत येत होती.

"मंग हितेशनं काय केलं?"

"हेच नियम सोसायटीच्या त्या कॉम्प्युटरवर, त्याला समजतील असे लिहिले. दोन हजार तीनला एका बंदराने ते घेतले. बंदरवाल्यांचीही तुमच्यासारखीच अडचण होती. चांगला धक्का कुणाला, उशीर झाला तर कुणी सरकायचं. मग युरोपातलं बंदर. मग विमानतळ. मग हॉस्पिटलांतल्या खाटा."

"खाटा पण आपल्या डोलीसारख्या फिरतात?"

"अगदी तशाच. तेव्हाचे चौदा नियम आजही प्रोग्रामच्या मुळाशी आहेत. मी स्वतः पडताळून पाहिलंय. एकही बदललेला नाही."

"एक पण न्हाय?"

"एकही नाही."

"परत सांग. कमळला कमी ऐकू येतं."

रुचिकाने मोठ्याने, सावकाश, परत सांगितलं. कमळने हसू दाबलं. जागृतीने वही मिटली.

रुचिकाने तयार कागद पुढे केला. "आता आठवलं ना? इथे सही करायची."

"जेवून करू. पाहुणीला उपाशी ठेवून सह्या करत बसू व्हय?"

कमळ आणि जागृती जेवायला थांबल्या नाहीत. अलिबागला काम आहे म्हणाल्या आणि स्कूटरवरून गेल्या. रुचिकाला तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं गेलं. जेवण झालं, पानं उचलली गेली. वेणूबाईंनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि घडी घालून उशाला ठेवला.

"जरा पडते. मंग बघू."

रुचिका ओटीवर बसून राहिली. लाँचला अजून वेळ होता. पेन तिने हातातच ठेवलं होतं.

दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी तिला कंपनीच्या वकिलांचा फोन आला. अलिबागच्या न्यायालयात मच्छीमार सोसायटीने दर्यावर्तविरुद्ध आधीच तयार ठेवलेला दावा दाखल केला होता. पहिला प्रोग्राम सोसायटीचा आहे, असं त्यात म्हटलं होतं. सुनावणीची तारीख पडली नव्हती. साक्षीदारांच्या यादीत वेणूबाईंचं नाव नव्हतं. एकच नाव होतं: रुचिका कारखानीस.