धोंडुबाईची म्हैस

धोंडुबाईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी कृष्णातनं तिला न विचारताच म्हैस गडहिंग्लजच्या बाजारात विकली. बायको खूश होईल, असं वाटलं होतं त्याला. पण तिनं तीन दिवस तोंडच उघडलं नाही.

"तुझ्यासाठीच इकली की! धार काढाय बसता येत न्हवतं तुला," शेवटी तो ओरडलाच.

"व्हय. पर दर धा दिसाला डेअरीत माझ्या नावानं दुधाचं बिल निघायचं. तेवढंच पैसं मला तुमच्याकडं मागाय लागत न्हवतं."

चाळीस वर्षांत आपण बायकोला कधी नाही म्हटलं नाही, याचा कृष्णातला केवढा अभिमान होता. पण दर वेळी तिला मागावं लागलं होतं, हे काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन त्यानं म्हशीचे सगळे पैसे तिच्या खात्यावर भरले. "आता ऑपरेशन करायचं का दुसरी म्हस घ्यायची, तू ठरीव."

चार दिवसांनी धोंडुबाई हसली. "ऑपरेशनच करायचं. पर दवाखान्याचं पैसं मी देणार. तुमी नुसतं सोबत या."