सातबाऱ्यावरचं नाव

तलाठ्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी मसुऱ्यात लोकांना वारसनोंदीचे अर्ज भरून देतो. सखाराम बागवे वारले आणि त्यांच्या पत्नी जयवंती वहिनी माझ्याकडे येऊ लागल्या. दर खेपेला त्यांचा एखादा कागद घरी राहिलेला असायचा. आधी मृत्यूचा दाखला राहिला, मग रेशनकार्ड, मग आधारकार्ड. माझ्यासाठी ओले काजूगर आणायला मात्र त्या कधी विसरल्या नाहीत.

चौथ्या खेपेला मी विचारलंच, "वयनी, तुमका नोंद करूची आसा ना?"

त्यांनी मांडीवरची पिशवी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "भाऊ, माझो झील सांगता, वारसांची नोंद झाली काय ह्यांचा नाव कंसात घालून कमी करतत. चाळीस वर्सां जमीन कसली, आणि मेल्यार माणसाक कंसात घालूचा?"

त्यांच्या मुलाने सांगितलं ते खरंच होतं. मी नवा अर्ज घेतला, त्यावर एकच ओळ लिहिली आणि त्यांच्यापुढे सरकवला. "वाचा बघू, सातबाऱ्यार आता पयला नाव काय येतला ता."

"जयवंती सखाराम बागवे," त्यांनी वाचलं. मग पुन्हा एकदा, सावकाश वाचलं.

त्यांनी पिशवीतून दाखला, रेशनकार्ड, आधारकार्ड सगळं काढून माझ्यापुढे ठेवलं. कागद बहुतेक पहिल्या दिवसापासून पिशवीतच होते.

"घाला नोंद," त्या हसत म्हणाल्या. "जल्मभर बाजाराक जाताना ते पुढे आणि मी मागे. आता तेंका सांगतंय, चला माझ्या मागसून."