चित्रातली बाई

खळ शिजून तयार होती. नारोपंतांनी वाटी मेजावर ठेवली, पुस्तक उघडलं आणि पुन्हा मिटलं. हे काम त्यांच्याने होईना.

मुंबईची नवी पुस्तकं आगगाडीने बडनेऱ्याला आली आणि तिथे कापूस उतरवून परतणाऱ्या बैलगाडीतून अमरावतीत. कापसाला सोन्याचा भाव आल्यापासून गावाला रोज नवी हुक्की येत होती. त्यातलीच ही लायब्ररी, अडत्याच्या दुकानावरची एक खोली. पेटी फोडली तेव्हा अख्खी कमिटी हजर होती. त्यात वैद्यकीचं एक जाडजूड पुस्तक निघालं आणि त्यात पानभर चित्र. आईचं पोट, पोटात मूल. थोर मंडळींनी ते आळीपाळीने चांगलं निरखून पाहिलं आणि मग ठरवलं, की असलं ओंगळ चित्र लोकांच्या दृष्टीस पडू नये. संध्याकाळी दार उघडायच्या आत कारकुनाने ती पानं चिकटवून टाकावीत.

कारकून म्हणजे नारोपंत. त्यांची बायको पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. त्यांची नजर त्या चित्रावरून हलत नव्हती.

खिडकीतून त्यांना पार्बताबाई जाताना दिसली. गावातली जुनी सुईण. नारोपंतांनाही तिनेच जगात आणलं होतं. त्यांनी हाक मारली. ती जिना चढून आली आणि रिवाजाप्रमाणे उंबऱ्याबाहेरच थांबली.

"काहून बोलावलं, बापू? सूनबाईले कळा लागल्या का?"

"नाही, माय. हे बघ." त्यांनी पुस्तक उंबऱ्यावर उघडून ठेवलं.

ती उकिडवी बसली. आधी तिला नुसत्या रेघाच दिसल्या. मग खाली वळलेलं डोकं दिसलं, पोटाशी घेतलेले गुडघे, हनुवटीखाली मुठी, आणि नाळ. तिची बोटं आपोआप उचलली गेली आणि पानाला न लागता त्यावरून फिरू लागली.

"असंच," ती म्हणाली. "असंच अस्ते. सारी जिनगानी मी हे बोटाईनं पाह्यलं, बापू. डोयानं आज पाहू राहिली." तिचे डोळे भरून आले. "कसं घडी घालून ठेवलं हाये देवानं!"

"माझं मूलही आत्ता असंच असेल?"

"असंच. परवाच तं हात लावून पाह्यलं मी."

नारोपंत वाकून चित्रातल्या त्या मुठी पुन्हा पाहू लागले.

मग तिची बोटं थांबली. "पन पोट तं मिटलेलं अस्ते. चित्रवाल्याले आतलं दिसलं कसं?"

चित्राखालचा मजकूर नारोपंतांनी वाचला होता. सांगावं की नाही, त्यांना कळेना. "बाळंत व्हायच्या आधीच बाई मेली. मग डॉक्टरने पोट उघडलं."

पार्बताबाईचा हात खाली आला. पोटुशी मेलेल्या बाईचं नाव गावात कोणी घेत नसे. ती हडळ होऊन परतू नये म्हणून मसणवाटेवर मोहरी पेरत. पार्बताबाईनेही पेरली होती.

"नाव काय लिहिलं हाये तिचं?"

"डॉक्टरचं लिहिलंय. तिचं नाही."

"आन् तोंड?"

तोंडही नव्हतं. गळ्यापासून वर चित्रच नव्हतं.

सकाळी पार्बताबाई एका घरी ओटभरणाला गेली होती. तिने पदराची गाठ सोडली. तांदूळ, हळकुंड, खोबऱ्याची वाटी ओंजळीत घेतली आणि चित्रातल्या पोटावर हलकेच ठेवली.

"हिची ओटी कोनी भरली का नाई, कोन जाने," ती म्हणाली आणि भिंतीला धरून जिना उतरून गेली.

नारोपंतांनी पुस्तक तसंच, तांदळांसकट, दोन्ही हातांनी उचलून मेजावर ठेवलं.

संध्याकाळी सगळ्यांच्या आधी कमिटीचे अध्यक्ष आले. वकील होते, लायब्ररीत बूट घालूनच फिरत. उघडं पुस्तक पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते मिटायला त्यांनी हात पुढे केला, आणि चित्रातल्या पोटावरचे तांदूळ, हळकुंड, खोबरं पाहिलं.

भरलेली ओटी सांडायची त्यांची छाती झाली नाही. हात तसाच मागे आला. चित्राकडे पाहत ते थोडा वेळ उभे राहिले आणि मग खाली वाकून बुटाचे बंद सोडू लागले.