शांत नाडीचा निकाल

रेवती गायधनीच्या नवऱ्याने तिला अकरा वेळा मारलं होतं. पण प्रत्येक नागरिकाच्या मनगटात बसवलेल्या चकतीतली नाडीची नोंद आता माणसाच्या शब्दापेक्षा खरी, असं उच्च न्यायालयाने ठरवलं होतं.

"अकराही प्रसंगी अर्जदाराची नाडी शांत होती," न्यायमूर्तींनी निकाल वाचला. "भीतीच नाही, तिथे संरक्षण कशापासून द्यायचं? अर्ज फेटाळला."

रेवती उठून उभी राहिली. "साहेब, मी घाबरले की ते आणखी चेवाने मारायचे. सात वर्षांत काळीज शांत ठेवायला शिकले मी, म्हणून जिवंत आहे."

"नोंद तसं सांगत नाही, बाई."

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर तिच्या वकील फरीदा मुजावर यांच्या आणखी पाच अशील बायका अशाच अर्जांसाठी बसल्या होत्या. निकाल त्यांच्या कानावर आधीच गेला होता.

"यापुढे मार पडताना मनातली भीती दाबू नका," फरीदाताई कशाबशा म्हणाल्या. "न्यायालयाला ती दिसली पाहिजे."

"आणि त्यालाही दिसली तर?" एकीने विचारलं.

तिघी जणी आपापली कागदपत्रं पिशवीत कोंबून जिना उतरू लागल्या. त्यांना वाट देत रेवतीचा नवरा हसतमुखाने वर आला.

"झालं ना समाधान? चल आता घरी."

रेवतीने त्याच्याकडे पाहिलं. मग ती बाकावर रिकाम्या झालेल्या जागी, उरलेल्या दोघींच्या मधोमध जाऊन बसली.