समोरच्या इमारतीवरची चादर

चादर पांढरी होती आणि तिच्यावर लाल रंगात काहीतरी लिहिलं होतं. समोरच्या इमारतीच्या सतराव्या मजल्यावर दोन खांबांच्या मधे पोरांनी ती ताणून बांधली होती. व्हर्लिन कुचेराने आपल्या क्रेनच्या केबिनमधून तिच्याकडे पाहिलं आणि त्याचं तोंड कडू झालं.

"झालं! त्या डस्टिनच्या आरत्या सुरू झाल्या," तो एकटाच पुटपुटला.

अमेरिकेतल्या ओमाहा शहराच्या भर मध्यवस्तीत त्या वर्षी ऑफिसांच्या दोन इमारती एकाच चौकात, समोरासमोर चढत होत्या. इकडची विमा कंपनीची, तिकडची बँकेची. बँकेची तीन मजले पुढे गेलेली. तिथली क्रेन नवीकोरी, आणि ती चालवणारा डस्टिन जेमतेम सत्तावीसचा. एवढं व्हर्लिनने गिळलं असतं हो. पण मार्चमध्ये नोरीन तिकडे गेली, आणि तीही स्वतःहून बदली मागून.

अकरा वर्षं नोरीन खालून वायरलेसवर सांगायची आणि व्हर्लिन वरून माल उतरवायचा. "डावीकडे घे. अजून हातभर. थांब राजा, थांब. आता सोड हळूच." तिच्या तोंडचं ते 'राजा' आता तो कालचा पोरगा ऐकत असेल, असं मनात आलं की व्हर्लिनला घास गिळवत नसे. अकरा वर्षांत त्याने तिला एकदा साधं 'थँक यू' म्हटलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

तिच्या जागी लाइल आला होता. शब्दाला महाग माणूस. "खाली," म्हणायचा. "बस," म्हणायचा. संपलं. एप्रिलपासून दोनदा तुळई खांबावर आदळली. दुसऱ्या वेळी तर खालच्या माणसांना पळावं लागलं. व्हर्लिनने त्याला वायरलेसवर सगळ्यांना ऐकू जाईल असा झाडला होता.

"तोंडात बटाटा धरलायस का रे? नीट सांगता येत नाही?"

"मला वाटलं, तुम्हाला दिसतंय," लाइल म्हणाला होता.

आता चादरीखाली माणसं जमली. सगळे हात हलवत होते. त्यातलं नारिंगी हेल्मेट नोरीनचं, हे व्हर्लिनने लगेच ओळखलं. तीही हलवत होती, चांगली दोन्ही हातांनी. व्हर्लिनने हात वर केला नाही. त्याने बाहीने काच पुसली, हल्ली ऊन भलतंच डोळ्यांत घुसायचं, आणि क्रेन पाठमोरी वळवली.

क्रेनवाले जेवायला खाली उतरत नाहीत. डबा वरच खातात. त्या दुपारी मात्र व्हर्लिन सगळी शिडी उतरून खाली आला, आ वासलेल्या लाइलच्या शेजारून गेला आणि रस्ता ओलांडून थेट बँकेच्या फाटकात घुसला. नोरीन लाकडाच्या ओंडक्यावर बसून सँडविच खात होती. त्याला पाहून ती हसतच उठली.

"आलास एकदाचा! आवडली का चादर?"

"लाज नाही वाटत तुम्हाला?" व्हर्लिन म्हणाला. "सहा महिने झाले नाहीत त्या पोराला येऊन, तर एवढं कौतुक! मला क्रेनवर आज तीस वर्षं झाली. तीस! माझ्यासाठी कधी कुणी चिंधी तरी बांधली? आणि तू... तू नाचत होतीस तिथे! काय आहे गं त्याच्यात, जे माझ्यात नाही?"

नोरीनचं हसू गेलं. तिने सँडविच खाली ठेवलं.

"व्हर्लिन, चादरीवर काय लिहिलंय?"

"मी काय शाळेत आहे?"

"सांग ना."

"काय असणार? 'शाब्बास डस्टिन'!"

जेवणाऱ्या माणसांनी माना वर करून चादरीकडे पाहिलं. कुणीतरी घसा खाकरला. नोरीनने त्याचा दंड धरला आणि त्याला बाजूला नेलं.

"'व्हर्लिन, तीस वर्षं, सलाम' असं लिहिलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "अक्षरं माझ्या कमरेएवढी आहेत. डस्टिननेच रंगवलीत काल."

व्हर्लिनने मान वर केली. डोळे बारीक केले, मग मोठे केले. पांढऱ्यावर लाल काहीतरी होतं.

"हिवाळाभर तू नुसता माझ्या आवाजावर माल उतरवत होतास," नोरीन म्हणाली. "मी गप्प बसले की तू थांबायचास. तीनदा म्हटलं तुला, डोळे दाखवून ये. तू हसण्यावारी नेलंस. साहेबांना सांगितलं असतं तर तुझं लायसन्स गेलं असतं, ते माझ्याने होईना. म्हटलं, मी बाजूला झाले की तुझं तुलाच कळेल. तर तू बिचाऱ्या लाइलला शिव्या घालत बसलास! चुकलंच माझं. कुणी मेलं असतं म्हणजे?"

व्हर्लिनने रस्त्यापलीकडे, आपल्या इमारतीकडे पाहिलं. समोर लाइल आणि आणखी सहा जण दुपारच्या तुळयांना साखळ्या बांधत होते. ते सगळे पुसट होते. कोण कुठला हे त्याला सांगता आलं नसतं, आणि दहा मिनिटांनी त्यांच्याच डोक्यावरून तो चार टन लोखंड नेणार होता.

त्याने तिच्या वायरलेससाठी हात पुढे केला. नोरीनने आपला वायरलेस त्याच्या हातात दिला आणि त्याच्या इमारतीचा चॅनल लावून दिला.

"लाइल," तो म्हणाला, "साखळ्या सोड. आज क्रेनवर कुणी नाहीये."

व्हर्लिनने बटण पुन्हा दाबलं.

"मार्चपासूनच नाहीये."