उष्टावणाचा कौल

“सुई आणखी पुढे घ्या,” सुंदराबाई म्हणाल्या, आणि बाबाजींनी मुकाट्याने जाळं शिवायची बोथट लाकडी सुई नातवाला ठेवायच्या जागेशी सरकवली.

तेजलने कडेवरच्या लेकाला आणखी घट्ट धरलं. मामाच्या हातून खीर चाटवून झाली होती, समर्थचं उष्टावण पार पडलं होतं. आता उरला होता कौल: पोर जी वस्तू उचलेल, ती त्याची पुढची वाट. चादरीवर चार वस्तू मांडल्या होत्या. सुई सगळ्यांत जवळ, मग तांदळाची वाटी, मग सासूबाईंची, सुंदराबाईंची, अंगठी. निळ्या टोपणाचं पेन पार चादरीच्या टोकाला. आठ महिन्यांचं पोर अजून रांगत नव्हतं. पोटावर पडून गोल फिरायचं, फार जोर केला तर उलटं मागेच सरकायचं. ते कसलं पेनापर्यंत पोचतंय!

दुसऱ्या घरांत ही सगळी गंमत असते. मूल पेन उचलो नाहीतर पळी, फोटो काढायचे आणि जेवायला बसायचं. या घरात मात्र कौल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तेजलच्या नवऱ्याने, विनीतने, आठ महिन्यांचा असताना सुई उचलली होती. पुढे त्याला दहावीला ब्याऐंशी टक्के मिळाले, पॉलिटेक्निकचा फॉर्म भरून झाला, तेव्हा सुंदराबाईंनी तो कौल बाहेर काढला. “त्यानेच उचललान ना सुई? मग?” संपलं. पोरगा बोटीवर गेला. मागच्या वर्षीच्या वादळात त्याची बोट चार दिवस बेपत्ता होती. ते चार दिवस तेजल मिरकरवाड्याच्या जेटीवर उभी होती, समर्थ तेव्हा पोटात. आजही विनीत समुद्रातच होता. आपलं पोर पाण्यावर जाणार नाही, हे तिने त्या जेटीवरच ठरवलं होतं. पण तिला विचारतो कोण?

सासूपेक्षा तिला राग होता तो सासऱ्यांचा, बाबाजींचा. चाळीस वर्षं तांडेल म्हणून बोट हाकलेला माणूस, दर्यावर दहाजणांना दरडावणारा, घरात बायकोपुढे ब्र काढत नसे. ते एक असो. पण वर लबाडी? तेजल कॉलेजच्या ऑफिसातून संध्याकाळी घरी यायची तेव्हा समर्थ आजोबांच्या मांडीवर काहीतरी चघळत असायचा, आणि तिची चाहूल लागली की बाबाजी ते पटकन शेजारच्या जाळ्याखाली सारायचे. सुईच असणार, दुसरं काय? दोन महिने नातवाला तिची चटक लावत होते. तिचं निळं पेन मात्र तेव्हाच सोसायटीच्या कागदावर सही करायला म्हणून मागून नेलं, ते आज वस्तू मांडायच्या वेळी त्यांच्या खिशातून निघालं.

“ठेव गो त्याला खाली,” सुंदराबाई म्हणाल्या.

“आई, सुई त्याच्या नाकाखाली ठेवलीत. तो दुसरं काय उचलणार?”

“देव बघतोय. तू मधी बोलू नको.”

तेजलने समर्थला चादरीवर पालथं ठेवलं. हात सुटता सुटेना. समर्थने मान वर केली, सुई बघितली आणि तिच्यावर पंजा टाकला. तेजलने डोळे मिटून घेतले. देवा, ही एक सुई त्याच्या हातून सोडव, दुसरं काही मागणार नाही, एवढंच ती मनात म्हणत राहिली.

“ताई, बघ!” तिचा भाऊ दर्शन ओरडला.

सुई बाजूला ढकललेली होती. समर्थची नजर चादरीच्या टोकाकडे लागली होती. त्याने पोट उचललं, गुडघे रोवले, पुढेमागे डुलला आणि नाकावर आपटला. कोणी जागचं हललं नाही. रडेल असं वाटलं, पण गडी रडला नाही. पुन्हा उठला. एक गुडघा पुढे, मग दुसरा. जन्मातलं पहिलं रांगणं! तांदळाची वाटी कलंडली, अंगठी गुडघ्याखाली गेली. तो पेनापाशी पोचला, मुठीत पकडलं आणि सरळ तोंडात घातलं.

तेजलला रडूच फुटलं.

सुंदराबाईंनी वाकून सुई उचलून घेतली. “उचललान तर उचललान,” त्या म्हणाल्या. “देवाच्या मर्जीपुढे आपलं काय चालतं?” आणि सगळ्यांचं तोंड गोड करायला साखर आणायला आत गेल्या. बाई शब्दाची पक्की, एवढं मात्र खरं. दर्शन विनीतला फोन लागतो का बघायला अंगणात पळाला.

लाळ पुसावी म्हणून तेजलने समर्थच्या तोंडातून पेन काढलं आणि ती थांबली. टोपणाच्या टोकाचा निळा रंग उडून ते पांढुरकं पडलं होतं. कडेला दोन बारीक दातांचे व्रण होते. एकावर एक, मोजता येणार नाहीत इतके. एवढं चघळून व्हायला एक मिनिट पुरत नाही.

तिने सासऱ्यांकडे पाहिलं. बाबाजी खाली बसून सांडलेले तांदूळ वेचत होते.

“बाबा, म्हणजे जाळ्याखाली तुम्ही पेन...”

“हळू बोल गो. ती ऐकेल.” त्यांचा हात तांदळावरच थांबला. “विनीतलाही असाच दोन महिने मांडीवर घेऊन बसायचो. तेव्हा चघळायला सुई द्यायचो.”