गाडीचं गाऱ्हाणं

मुळगावच्या खाणीवर ट्रक चालवणाऱ्या महादेवने लेकीसाठी घरीच गाडी बनवली. एक फळी, जुन्या बेअरिंगची चार चाकं आणि वळवायला दोरी. पण अंगणातून निघायच्या आधी सिद्धी अडून बसली.

"बाबा, ट्रकाक घालतास तसा माझ्या गाडीकय गाऱ्हाणा घाला."

महादेवने हसत नारळ हातात घेतला. वर्षानुवर्षं ट्रकापुढे म्हटलेले शब्द आपसूक ओठांवर आले. "देवा महाराजा, ह्या गाडीची राखण कर. गाडीक ओरखडोसुद्धा पडाक देऊ नको. गाडी सुखरूप घराक येवंदे."

"व्हय महाराजा!" सिद्धी साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशी ओरडली.

संध्याकाळी उताराच्या वळणावर समोरून टेंपो आला. गाडी कडेच्या गवतात शिरली आणि सिद्धी उसळून टेंपोच्या चाकाखाली गेली.

स्मशानातून महादेव परतला, तेव्हा कुणीतरी गाडी आणून तुळशीपाशी ठेवली होती. तो तिच्यापुढे उकिडवा बसला आणि फळीवरून, चाकांवरून बोटं फिरवत राहिला.

शेजारच्या सगुणने खांद्यावर हात ठेवला. "महादेवा, काय शोधतंस रे?"

"ओरखडो," महादेव म्हणाला. "एकय नाय रे."